अर्धा तास जादा

आमच्या शाळेतली सगळ्यात हुशार मुलं मंद आहेत, हे मला गेल्या वर्षी कळलं. एक-दोन नव्हेत, चांगली सव्वीस. शेवटच्या वर्षाला एकूण चौसष्ट मुलं. त्यांतल्या सव्वीस जणांना वाचायला वेळ लागतो, लिहायला त्रास होतो, चित्त थाऱ्यावर राहत नाही, तेव्हा परीक्षेत पंचवीस टक्के जादा वेळ मिळावा, असे अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडले. प्रत्येक अर्जाला डॉक्टरांचा अहवाल जोडलेला. बहुतेक अहवाल एकाच डॉक्टरांचे, त्यामुळे एकाच साच्यातले. एका मुलाच्या अहवालात चौथ्या पानावर दुसऱ्याच मुलाचं नाव राहून गेलं होतं. मी ते पान त्याच्या वडिलांना दाखवलं, तर म्हणाले, "टायपिंगची चूक हो, मॅडम. मुलाचा त्रास काही खोटा नाही." हा मुलगा वादविवाद संघाचा कप्तान. समोरच्याला एक वाक्य पुरं करू देत नाही.

मी या शाळेची परीक्षा अधिकारी. वेळापत्रक, बैठक व्यवस्था, सीलबंद पाकिटं, भिंतीवरची घड्याळं, सगळं माझ्याकडे. मुलं पाठीमागे मला 'पाच मिनिटं' म्हणतात, कारण पेपर संपत आला की हॉलमध्ये तेवढंच बोलते. शाळा आंतरराष्ट्रीय, म्हणून परीक्षा मंडळही दूरचं. त्याच्या नियमांचं जाडजूड पुस्तक दर वर्षी येतं आणि ते माझ्याशिवाय शाळेत कोणी उघडत नाही, असा माझा समज होता. मग पालक सहभाग समितीच्या अध्यक्षपदी वकीलबाई आल्या. त्यांनी ते पुस्तक कोळून प्यायलं.

वकीलबाईंचा मुलगा वर्गात पहिला. समितीने भरवलेल्या 'परीक्षेची तयारी आणि पालक' या सभेत बाईंनी पडद्यावर नियम दाखवला. जादा वेळ हवा असेल तर नुसता डॉक्टरांचा कागद पुरत नाही. मूल एरवीही संथच लिहितं, वर्गातल्या चाचण्यांतही त्याला वेळ पुरत नाही, असा पुरावा शाळेने दाखवावा लागतो. "म्हणजे पुरावा आत्तापासून तयार व्हायला हवा," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "मुलांना सांगा, चाचणीत घाई नको. शेवटचा प्रश्न राहिला तर राहू द्या. चाचणीचे मार्क कुठे धरले जातात?" पालक मान डोलावत लिहून घेत होते. मी मागे माइकच्या वायरपाशी उभी होते. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांमध्ये एकाने तरी मान खाली घालावी, म्हणून मी वाट पाहिली. एक आजोबा खाली बघत होते, ते डुलक्या घेत होते.

पुढच्या आठवड्यात गणिताच्या चाचणीला मी वर्गात फेरी मारली. वकीलबाईंचा मुलगा चाळीस मिनिटांत सगळं संपवून बसला होता. मग त्याने खोडरबर काढला आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुसायला लागला. अगदी शांतपणे, ओळीमागून ओळ. कागदावरची भुकटी त्याने फुंकर मारून उडवली.

"हे काय करतोयस?" मी विचारलं.

"शेवटचा सोडायचा आहे, मॅडम. आईने सांगितलंय."

त्याच्या चेहऱ्यावर ना लाज, ना भीती. मला किळस आली. पोराची नाही, पोर काय, सांगितलेलं ऐकत होतं. बरोबर आलेलं उत्तर स्वतःच्या हाताने पुसायला लावणाऱ्या त्या घराची आली. त्या सव्वीसांत दोघा-तिघांना खरंच त्रास असेल. पण ते कोण, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. या सोंगातली सगळ्यात घाण गोष्ट तीच होती.

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "डॉक्टरांनी लिहून दिलंय ना? मग आपण कोण ठरवणारे?" आणि काखा वर केल्या. मी अर्जांवर शिक्के मारून मंडळाकडे पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवले. बडबड केली, चिडले, पण शिक्के मीच मारले. ते कबूल केलेलं बरं.

एक मुलगी मात्र अर्ज न केलेल्यांत होती. शेवटच्या रांगेत बसायची आणि प्रश्नपत्रिकेवर पट्टी ठेवून वाचायची. ओळीखाली पट्टी, ओठ हलताहेत, मग पट्टी जरा खाली, मग पुन्हा वर. सराव परीक्षेत इतिहासाच्या पेपरला दोन तासांत तिने पाचांपैकी दोनच प्रश्न सोडवले. मला वाटलं, अभ्यासच केला नसेल. तपासणाऱ्या सरांना विचारलं, तर त्यांनी तिचा पेपर काढून दिला. "ही दोन उत्तरं वाचा. अख्ख्या वर्गात असं कोणी लिहिलेलं नाही. बाकीचे तीन प्रश्न कोरे का, ते देवालाच माहीत."

मला माहीत होतं. वीस वर्षं मुलांना पेपर लिहिताना बघतेय मी. सोंग घेणारं मूल घड्याळाकडे बघून संथ होतं. ही मुलगी घड्याळाकडे बघायचीच नाही, तिला तेवढी सवड नसायची. तिला जादा वेळ हवा होता, आणि प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूस हवा होता. नियमात दोन्हीची सोय आहे. ती अशाच मुलांसाठी केलेली आहे.

मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते दंतवैद्य. अंगावर कडक इस्त्री, नखं बारीक कापलेली, बोलताना हात असे चोळायचे की आता हातमोजे चढवतील असं वाटावं. मी विषय काढला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मॅडम, ती आळशी नाहीये."

"आळशी कोण म्हणतंय? उलट तीच खरी मेहनती आहे."

"मग तिला काही झालेलंही नाही. सराव कमी पडतोय. मी घेतो तिचा सराव. तिची आत्या प्राध्यापक आहे, काका इंजिनिअर. आमच्याकडे असं कोणाला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा शिक्का एकदा बसला की पुसला जात नाही हो."

एकीकडे सव्वीस घरं तो शिक्का मिळावा म्हणून रांगा लावत होती, आणि इथे ज्या पोरीला त्याची गरज होती तिचा बाप अंग चोरत होता. माझं डोकंच फिरलं. आणि डोकं फिरलं की मी नको ते करते. माझ्या कपाटात मंडळाने पूर्वी कधीतरी पाठवलेला वाचन चाचणीचा संच होता. तीन उतारे, आणि कोणत्या वयाच्या मुलाला ते वाचायला किती वेळ लागतो याचा तक्ता. सगळे जण बाहेरच्या डॉक्टरांचे अहवाल आणायचे, त्यामुळे कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. वर ठळक अक्षरांत 'प्रत काढू नये' असं छापलेलं होतं. मी तिन्ही उताऱ्यांची प्रत काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"घरी जा. तिला समोर बसवा, मोबाइलवर वेळ लावा आणि मोठ्याने वाचायला सांगा. तिच्या वयाचं मूल हा उतारा सव्वा मिनिटात वाचतं. तुमचं तुम्हीच बघा."

तीन दिवसांनी ते आले.

"सहा मिनिटं," ते म्हणाले. "मला वाटलं मुद्दाम करतेय, म्हणून मी ओरडलो तिच्यावर. तर म्हणाली, बाबा, मी नेहमी असंच वाचते. तुम्ही कधी ऐकलंच नव्हतं." त्यांनी खिशातून पेन काढलं. "कुठे सही करू?"

मी फॉर्म पुढे केला. सही करून झाल्यावर ते म्हणाले, "आता मी काय करायचं? तिची काय तयारी करून घेऊ?"

"काही नको. तिला फक्त धीर द्या. घाबरू देऊ नका."

"आणि हे कागद?"

"राहू द्या तुमच्याकडे."

त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. दंतवैद्यांनी तिला सरकारी रुग्णालयात नेलं, तिथल्या बाईंनी दोन दिवस तपासलं आणि आठ पानी अहवाल दिला. त्यातला शब्द न् शब्द त्या मुलीबद्दल होता. सत्ताविसावा अर्ज मी गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवून पाठवला.

महिन्याभराने मंडळाचं पत्र आलं. इतक्या लहान शाळेतून इतके अर्ज आल्याचं मंडळाला आश्चर्य वाटलं होतं. म्हणून एक निरीक्षक येऊन सगळ्या सत्तावीस मुलांची वाचन चाचणी स्वतः घेणार, आणि जादा वेळ कोणाला द्यायचा ते त्यावरून ठरणार. पत्र वाचून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आता सोंगं उघडी पडतील, आणि खऱ्या मुलीला तिचं मिळेल. सगळ्या पालकांना तारीख कळवली. दंतवैद्यांनाही कळवली.

वकीलबाईंच्या घरी दर शनिवारी गाड्या उभ्या राहू लागल्या. आत काय चालतं ते मला शाळेच्या झेरॉक्स मशीनने सांगितलं. कोणीतरी मूळ कागद काचेवरच विसरून गेलं होतं. त्यावर क्रमांक घालून सूचना लिहिल्या होत्या. तिसऱ्या ओळीत एक शब्द गाळणे. एकदा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचणे. डोळे चोळणे, पण दोनदाच. साहेबांनी पाणी विचारलं तर 'हो' म्हणणे. खाली पेनने वाढवलेली ओळ होती: अतिरेक करू नये, मतिमंद वाटता कामा नये.

मी तो कागद तसाच प्राचार्यांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि खणात टाकला.

"पालक आपल्या मुलांसाठी एवढा वेळ काढतात, हेही कमी नाही," ते म्हणाले.

निरीक्षक आले ते एक वयस्कर, बारीक आवाजाचे गृहस्थ. प्रवासाने दमलेले. लहान बैठकखोलीत मी त्यांच्यासाठी टेबल मांडलं. त्यांनी बॅग उघडली, स्टॉपवॉच काढलं आणि म्हणाले, "मंडळाचा संच तुमच्याकडे असेलच. तोच वापरू. वेगळा आणलेला नाही."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण मनात आलं, त्या मुलीने उतारे एकदाच पाहिलेत, तेही दोन महिन्यांपूर्वी. जी एक पान वाचायला सहा मिनिटं घेते, तिच्या लक्षात काय राहणार? मी कपाट उघडलं आणि संच आणून त्यांच्यापुढे ठेवला.

एकेक मूल आत यायला लागलं. मी कोपऱ्यात हजेरी घेऊन बसले होते. काय सांगू त्या चार तासांचं. तिसऱ्या ओळीत शब्द गळत होता, डोळे चोळले जात होते, दोनदाच. वादविवाद संघाचा कप्तान तर असा अडखळला की निरीक्षकांनी मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. वकीलबाईंच्या मुलाने पाण्याचा ग्लास मागून घेतला आणि दोन घोट घेऊन मान खाली घातली. त्याने ते इतकं छान वठवलं की मलाही क्षणभर त्याची दया आली, आणि मग स्वतःचीच शिसारी आली. निरीक्षक प्रत्येकापुढे खूण करत होते. पोरं बाहेर जाताना मला 'थँक यू, मॅडम' म्हणत होती. सभ्य घरातली ना.

सगळ्यांत शेवटी ती मुलगी आली. नीट वेणी घातलेली, हातात पट्टी. निरीक्षकांनी उतारा पुढे ठेवला, तिने पहिल्या ओळीखाली पट्टी लावली आणि त्यांनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

ती वाचायला लागली. स्वच्छ, ठणठणीत आवाजात, कुठेही न थांबता. स्वल्पविरामाला जेवढं थांबायचं तेवढंच थांबत होती. मी हजेरीवरून मान वर केली. ती शेवटच्या परिच्छेदात पोचली होती आणि पट्टी अजून पहिल्याच ओळीखाली होती.

निरीक्षकांची नजर स्टॉपवॉचवर होती. त्यांनी दुसरा उतारा दिला, मग तिसरा. तिन्ही तसेच. "एक मिनिट दोन सेकंद," ते तिला म्हणाले. "छान वाचतेस की तू." मुलगी लाजून हसली. मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं.

ती बाहेर गेल्यावर मी बोलले. "साहेब, हे वाचन नव्हतं. हिचं पाठांतर होतं. हिचा रुग्णालयाचा अहवाल बघा. या सगळ्यांत हिलाच खरी गरज आहे."

त्यांनी चष्मा काढला. "पाठांतर? म्हणजे उतारे आधी बाहेर गेले होते?" त्यांचा आवाज तितकाच बारीक होता. "तसं असेल तर लेखी द्या. मी दुसरा संच मागवतो आणि हिची चाचणी पुन्हा घेतो. पण उतारे कोणी दिले, त्याची चौकशी मंडळ करेल. ते टळणार नाही."

दार बंद होतं. टेबलावर सत्तावीस अर्ज होते. फक्त 'मी दिले' एवढंच म्हणायचं होतं. वीस वर्षांची नोकरी, माझं नाव, सीलबंद पाकिटांवरच्या माझ्या सह्या, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. शाळेची परीक्षाच मंडळाने रोखून धरली तर इतर मुलांचं काय, हेही गेलं. शाळेची काळजी मला नेमकी तेव्हाच कशी सुचली, कोण जाणे.

"कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते," मी म्हटलं.

"मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले आणि तिच्या नावापुढे काट मारली.

बाहेर बाकावर दंतवैद्य बसले होते, दवाखाना बंद ठेवून आलेले. मला बघून उठले. डोळे चमकत होते.

"कशी वाचली, मॅडम? ती म्हणते, एकदाही अडखळली नाही."

"नाही अडखळली."

"तीन आठवडे," ते म्हणाले. "तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून, रोज सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी. मी एक ओळ म्हणायचो, ती मागून म्हणायची. म्हटलं, एवढे साहेब येणार, त्यांच्यापुढे पोरीची फजिती नको."

"ही चाचणी कशासाठी होती, ते तुम्हाला ठाऊक होतं ना?" माझा आवाज चढला.

"हो, जादा वेळेसाठी." ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "म्हणून तर एवढी तयारी केली. चाचणीत नापास झाली असती, तर वेळ कोणी दिला असता?"

या माणसाने आयुष्यात एकही परीक्षा तयारीशिवाय दिली नव्हती. हरण्यासाठी बसायची परीक्षाही असते, हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. सोंगं आणणाऱ्या सव्वीस घरांना ते लगेच कळलं होतं. मुलगी मागे उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, पहिल्यांदाच मला कोणी मध्ये थांबवलं नाही."

"निकाल कळवू," मी म्हटलं आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

मंडळाचं उत्तर दहा दिवसांनी आलं. सव्वीसांपैकी चोवीस मंजूर. नामंजूर झालेल्या दोघांत वाचनालयात एकटा बसणारा एक मुलगा होता. त्याला बहुधा खरंच त्रास असावा. आणि ती मुलगी: वाचनाचा वेग सामान्य, सवलतीची गरज नाही. वकीलबाईंनी शिक्षकांच्या खोलीत मिठाईचा मोठा खोका पाठवला. सगळ्यांनी खाल्ली. मला एक तुकडा हातात धरवेना, पण खोका उचलून फेकलाही नाही.

दंतवैद्य पत्र घेऊन आले. या खेपेला हात चोळत नव्हते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी मंडळाला लिहितो, की मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. तुम्ही दिलेल्या कागदांवरून. सगळं खरं खरं लिहितो. मग परत घेतील ना चाचणी?"

घेतली असती. परीक्षेला पाच आठवडे होते, दुसरा संच चार दिवसांत आला असता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तसं लिहू नका. गैरप्रकाराचा ठपका आधी विद्यार्थ्यावर येतो. तिचा अख्खा निकाल रद्द होऊ शकतो."

नियमात तसं एक कलम आहे, त्यामुळे ते अगदी खोटं नव्हतं. पण ठपका आला असता तो माझ्यावर, आणि हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या पक्कं माहीत होतं. सभेत माइकच्या वायरपाशी उभी राहून मी ज्यांच्यावर नाक मुरडलं होतं, त्यांनी निदान आपल्या लेकरासाठी खोटेपणा केला होता. मी कोणासाठी केला?

दंतवैद्यांचा चेहरा पांढरा पडला. "बरं झालं, तुम्हाला विचारलं," ते म्हणाले. "तुम्ही नसतात तर मी पोरीचं वाटोळं केलं असतं." जाताना त्यांनी मला हात जोडले. ते उताऱ्यांचे कागदही परत करून गेले, नीट पाकिटात घालून.

इतिहासाचा पेपर सकाळी नऊला होता. हॉलमध्ये चाळीस मुलं, शेजारच्या वर्गात चोवीस. दोन्हीकडे मधल्या दारातून माझी ये-जा. प्रश्नपत्रिकेला सहा पानी उतारे जोडलेले होते, जुनी पत्रं आणि भाषणं. मुलीने पट्टी लावून वाचायला सुरुवात केली. पाऊण तास झाला तरी ती वाचतच होती. त्या वेळी शेजारच्या वर्गात वकीलबाईंचा मुलगा पुरवणी मागत होता.

मी तिच्याजवळून जाणं टाळत होते. पण हॉलमध्ये फिरणं हेच माझं काम, त्यामुळे चारदा जावं लागलं. दर वेळी तिचे ओठ हलताना दिसले. एकदा तिने मान वर केली. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस अर्जात मागितला होता ना आम्ही, तो आता येईल, असं वाटलं की काय तिला, कोण जाणे. मी नजर दुसरीकडे वळवली.

अकरा वाजता मी म्हटलं, "थांबा. पेनं खाली ठेवा." पेपर गोळा करायला लागले. तिच्यापाशी सगळ्यात शेवटी गेले. दोन उत्तरं पुरी होती आणि तिसऱ्याची दीड ओळ. तिने पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली.

"मॅडम, वाचून सगळं झालं होतं," ती हळूच म्हणाली. "लिहायचं तेवढं राहिलं."

"बरं," मी म्हटलं.

हॉल रिकामा झाला. पेपरांचा गठ्ठा घेऊन मी शेजारच्या वर्गात गेले, कारण तिथे अजून अर्धा तास बाकी होता आणि तिथल्या पर्यवेक्षिकेला सोडवायचं होतं. आत चोवीस मुलं बसलेली. कोणी टेबलावर डोकं ठेवलं होतं, कोणी नखं कुरतडत होतं. कप्तानाने प्रश्नपत्रिकेच्या मागे मोटारीचं चित्र काढलं होतं, चांगलं जमलं होतं. वकीलबाईंच्या मुलाने हात वर केला.

"मॅडम, आमचं केव्हाच झालंय. जाऊ का?"

"नाही," मी म्हटलं. "मंजूर झालेला वेळ पूर्ण बसावं लागतं. तसा नियम आहे."

तो जांभई देऊन मागे टेकला. मी खुर्चीवर बसले, गठ्ठा मांडीवर घेतला. सगळ्यात वर तिचा पेपर होता. अर्धा तास मी तिथे बसून राहिले. त्या खोलीत कोणीही काही लिहीत नव्हतं.